गाडीखाली आडवे होताना

गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा. पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. सायलेन्सरचा पाइप जवळूनच जातो आणि तो गार झाला की नाही हे बघून कळत नाही. पिकअप बऱ्यापैकी उंच असते, त्यामुळे बहुतेकांना जॅक न लावताही खाली सरकता येते. उचलावीच लागली तर जॅकने उचला आणि घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके घालायचे नाही. यावर चर्चा नको.

आता गोणपाट अंथरा, नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स. चष्मा घाला, कारण वरून माती पडणार आहे. उताणे व्हा आणि सरका. पाना बाहेरच राहू द्या. हात पोटावर ठेवा. थोडा वेळ नुसते बघायचे आहे.

नाकापासून वीतभर अंतरावर एक पत्रा आहे. चेंबर गार्ड. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, इंजिनाच्या पोटाखाली आडवा बसवलेला. त्याच्यावर ऑइलचे चेंबर आहे. चेंबर फुटले की ऑइल रस्त्यावर, ऑइल गेले की प्रेशर गेले, प्रेशर गेले की बेअरिंगे कोरडी, आणि तेवढ्यात ड्रायव्हरचे दिव्याकडे लक्ष गेले नाही तर इंजिन बसते. हे होऊ नये म्हणून हा पत्रा आधी मार खातो. त्याला दुसरे काम नाही. म्हणून तो सरळ, गुळगुळीत असावा अशी अपेक्षा धरून खाली आलात तर ती सोडा. चेपलेला गार्ड म्हणजे कामावर गेलेला गार्ड.

चेपा वाचता येतो. लांब ओरखडा पुढून मागे गेलेला असेल, तर गाडी चालत असताना दगड घासत गेला. ओरखडा नसून नुसता खड्डा असेल, तर गाडी वरून खाली बसली: खड्ड्यात, नाहीतर शेताच्या बांधावर. खड्डा छोटा, गोल, कडा स्पष्ट असलेला असेल, तर तो दगडाचा नव्हेच. तो जॅकच्या डोक्याचा. कुणीतरी चॅसी शोधायचा कंटाळा करून जॅक गार्डावर लावला होता. बोटाने त्या गोलाची कडा चाचपून बघा. बोल्ट का वाकले असतील याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच असते: गाडीचा पुढचा भार चार-सहा बोल्टांनी उलट्या दिशेने सोसला आहे.

रागावू नका. जुनी गाडी घेतली म्हणजे आधीच्या माणसाच्या घाईसकट घेतली.

गाडी कुठली, हे आता आठवा. कोल्हापूर-सांगलीकडच्या बाजारात एमएच ०७ किंवा ०८ ची पाटी दिसली की जाणता माणूस आधी खाली वाकतो. सिंधुदुर्ग नि रत्नागिरीच्या पिकअपनी मासळी ओढलेली असते, आंब्याच्या पेट्या ओढलेल्या असतात. मासळीच्या क्रेटमधला बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी हौद्यातून गळत मागच्या चॅसीवर उतरते. मागची बाजू त्यानेच जाते. पुढच्या गार्डाला मात्र मासळीचा काही उपद्रव नाही. त्याला खातो चिखल. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस, किनाऱ्याची खारी हवा, आणि गार्ड व क्रॉस मेंबर यांच्यातल्या फटीत बसलेला मातीचा लगदा. बाहेरचा पत्रा दोन तासांत वाळतो, हा लगदा आठवडाभर ओला राहतो. गंज चढतो तो तिथे, न दिसणाऱ्या बाजूने.

आणि इथे डोळा फसतो. जांभ्याची माती लाल असते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे; गंजही त्याच घराण्यातला. दोघांचा रंग एक. गार्डाच्या कडेवरचा तो तांबूस थर माती आहे की लोखंडच माती व्हायला लागले आहे, हे पडल्यापडल्या सांगता येत नाही. ओले फडके घ्या. सावकाश पुसा. माती फडक्यावर येते आणि खाली काळा नाहीतर राखाडी पत्रा उघडा पडतो. गंज असेल तर फडके लाल होते, पण जागाही लालच राहते, आणि बोटाला खरखर लागते. दहा-बारा ठिकाणी पुसून बघा. बोल्टांची डोकी शेवटी ठेवा.

एक फसवणूक माणसाने केलेली असते. विकायच्या आधी एजंट गाडी धुऊन खालून काळा रंग मारून घेतात. गंजावरच. लांबून गाडी नवीकोरी दिसते. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीने क्रॉस मेंबरवर हलके ठोका. शाबूत लोखंड खणखणते. आतून खाल्लेले लोखंड बसक्या आवाजात उत्तर देते, आणि पापुद्रा तुमच्या चष्म्यावर पडतो. चॅसीचाच आवाज बसका निघाला तर गार्डाचे काम इथे थांबवा. तो वेगळा, मोठा विषय आहे आणि त्याला वेल्डर नव्हे, जाणकार माणूस लागतो. खणखणीत निघाला तर पुढे.

आता बोल्ट. आधी भोके मोजा, मग बोल्ट मोजा. दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. गार्ड ज्याने आधी काढला त्याच्या हातून एखादा हरवलेला असतो, एखादा बसला नाही म्हणून सोडून दिलेला असतो, आणि मग ‘दोनावर पण चालतंय की’ हे वाक्य आलेले असते. चालते, हे खरे. सुटलेल्या कोपऱ्यावर गार्ड थरथरत राहतो आणि डिझेल इंजिनाच्या आयडलिंगला ती खडखड केबिनमध्ये येते. माणसे वर्षभर सायलेन्सर तपासत बसतात.

प्रत्येक डोक्याकडे वेगळे बघा. कारखान्यातून आलेला बोल्ट बहुधा एम ८ किंवा एम १० असतो आणि त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला दिसतो. त्यांच्यात एखादा बिनआकड्याचा, वेगळ्याच उंचीच्या डोक्याचा दिसला तर तिथे जास्त वेळ थांबा. तो तालुक्याच्या हार्डवेअरमधून आलेला असू शकतो, सुताच्या मापाचा. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला, पण नट-बोल्टांच्या खोक्यांवर सूत अजून हयात आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे एम ८ च्या भोकात तो जातो. आटे मात्र वेगळे: एम ८ चे आटे सव्वा मिलिमीटरवर, याचे १.४१ वर. शिवाय जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवून दिलेल्या जुन्या इंग्रजी आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. पहिले दोन आटे गोडीगुलाबीने जातात. तिसऱ्यापर्यंत जवळपास अर्ध्या मिलिमीटरची तफावत साठते आणि बोल्ट अडतो. या अडण्यापाशी दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे बोल्ट बाहेर काढून त्याच्याकडे बघणे. दुसरा म्हणजे पान्याला पाइप लावणे. आधीच्या माणसाने पाइप लावला होता.

तारेच्या ब्रशने डोक्याभोवतीची माती काढा. आटे वरून उघडे दिसत असतील तर तेही घासा. मग तेल. साधे डिझेल चालते, गॅरेजवाले तेच वापरतात. गंज सोडवण्याचे खास तेल मिळाले तर उत्तम. डब्ल्यूडी-४० चा डबा सगळ्यांकडे असतो, पण अमेरिकेत सॅन दिएगोला १९५३ साली ते तयार झाले ते पाणी हटवून धातूला गंजण्यापासून वाचवायला. अडकलेले बोल्ट सोडवणे हा त्याचा जोडधंदा. हरकत नाही, ते मारा. पण मारल्या मारल्या पाना लावणार असाल तर न मारलेलेच बरे.

तेलाला वेळ लागतो. का लागतो ते मनात आणा. लोखंड गंजले की फुगते; मूळ लोखंडाने व्यापलेल्या जागेच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा गंज मागतो. आट्यांच्या फटीत तेवढी जागा नसते. म्हणून गंजलेला बोल्ट कुणी न आवळता आवळत जातो. तेलाला आता त्या भरलेल्या फटीतून केसभर वाट शोधत वर चढायचे आहे, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, कारण बोल्ट खालून बसवलेला आहे. हे काम तुमच्या जोराने होत नाही. रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा मारा, पुन्हा थांबा. अधूनमधून हातोडीने डोक्यावर चार-दोन हलके टोले द्या, गंजाचा बंध मोकळा व्हावा इतपत. बोल्ट चेपायचा नाही.

हे थांबणे कुणाला आळस वाटेल. ज्याने कधी तुटलेल्या बोल्टाच्या मधोमध, उताण्याने, डोळ्यांत भुसा पडत असताना ड्रिल धरले आहे, त्याला वाटणार नाही.

आता पाना. सहा कोनी गोटी घ्या. फिक्स पाना नको. गंजून बारीक झालेल्या डोक्याचे कोपरे तोच खातो. गोटी पूर्ण वर चढली आहे ना, हे बोटाने चाचपा. पहिला जोर आवळायच्या दिशेने द्या, किंचित. मग सोडवायच्या दिशेने. पुन्हा आवळा. हा मागेपुढेचा खेळ लहान मुलासारखा खेळा, जिंकायची घाई नसलेला.

हाताला काय कळते तिकडे लक्ष द्या. गंज सुटतो तेव्हा ‘टक’ असा कोरडा आवाज येतो, किंवा कुरकुर ऐकू येते, आणि पाना फिरला तिथेच राहतो. बोल्ट पिळला जात असेल तर आवाज नसतो. पाना मऊपणे पुढे येतो आणि हात सैल केला की थोडा माघारी जातो. हा मऊपणा फसवा आहे. सुटतोय असे वाटते आणि डोके गोटीत अडकून खाली येते. मऊ लागले की थांबा. उलट फिरवा. पुन्हा तेल, पुन्हा चहा. पाव आटा सुटला तर पाव आटा. तेवढ्यात तेल अजून एक मजल वर जाते.

उष्णतेनेही बोल्ट सुटतो. नट तापवला की फैलावतो. पण इथे आसपास डिझेलचे नि ब्रेकचे पाइप आहेत, वायरिंग आहे, रबर आहे, आणि तुम्ही काल रात्री सगळीकडे तेल मारून ठेवले आहे. उताणे पडून बत्ती पेटवायची ही जागा नव्हे. तशी वेळ आली तर गाडी गॅरेजमध्ये न्या, वर उचलून, तेल पुसून, पाइप बाजूला घेऊन हे करायचे असते.

एखादा तुटेलच. डोके गेले, बुंधा आत राहिला. मधोमध सेंटर पंचाने खूण करा आणि बारीक ड्रिलने सुरुवात करा. खूण मध्यावर नसली तर पुढचे सगळे तिरके जाते, म्हणून वेळ द्यायचा तो खूण करण्यात. एम ८ चा टॅप मारायला ६.८ मिलिमीटरचे भोक लागते. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल लावून. ज्यांना हे नवीन आहे त्यांनी इथे फिटरला बोलवावे; त्यात काही कमीपणा नाही.

शेवटचे दोन बोल्ट सोडताना गार्डाखाली गुडघा किंवा लाकडाचा ठोकळा ठेवा. पत्रा जड असतो आणि आतला ऐवज त्याहून जड. तो तोंडावर पडू नये म्हणून डोके बाजूला घ्या. मग सावकाश खाली उतरवा आणि आत काय साठले आहे ते बघा: माती, फोफाट्यात मिसळलेली पाने, एखादा वायसर, कधी वर कुठूनतरी निसटलेला बोल्ट, ज्याची जागा आता शोधावी लागेल. आणि डाग. काळे ऑइल असेल तर चेंबरच्या गॅस्केटकडे किंवा ड्रेन प्लगकडे बघा. वास घ्या, डिझेलचा वास लपत नाही. गळती थेंबाथेंबाने असेल तर गार्ड ती झेलत राहतो आणि जमिनीवर डाग पडत नाही, म्हणून मालकाला कळत नाही. गार्डाचा हा एकच दोष मला मान्य आहे. ‘काढून टाका, इंजिनाला हवा लागेल’ हा सल्ला मात्र ऐकू नका. हवेसाठी त्यात खिडक्या पाडलेल्या असतात. त्या चिखलाने बुजल्या असतील तर मोकळ्या करा.

आता मान वळवून वर बघा. गार्ड नसताना चेंबर किती खाली, किती उघडे आहे ते एकदा नीट बघून घ्या. एक साधा पत्र्याचा डबा, खाली एक प्लग. त्यावर एकही चेपा नसेल तर हातातल्या वाकड्या पत्र्याकडे पुन्हा बघा.

गार्ड सरळ करायला लाकडाचा ओंडका किंवा टाकाऊ टायर खाली घ्या आणि आतल्या बाजूने मोठ्या हातोडीने ठोका. पूर्ण सपाट करायच्या मागे लागू नका. चेंबरला टेकत नाही आणि भोके जागेवर येतात, एवढे पुरे. भोके ओढली जाऊन लंबगोल झाली असतील तर जाड, रुंद वायसर घ्या. भोकाला तडा गेला असेल तर तडा भरून, घासून, रंगवून घ्या.

नवीन बोल्ट आणायला जाल तेव्हा जुना शाबूत बोल्ट खिशात असू द्या. दुकानात किलोवर मिळणारे, डोके कोरे असलेले बोल्ट गोठ्याच्या दाराला ठीक आहेत. इथे ८.८ बघून घ्या, झिंक चढवलेले. त्याहून कडक कशाला? जबर मार बसला तर बोल्ट तुटलेला परवडतो, चॅसीतला वेल्ड केलेला नट उपटून आलेला परवडत नाही. एसएसचे चकचकीत बोल्ट मोह घालतात. ते स्वतः टिकतील. पण आतला नट साध्या लोखंडाचा, आणि खारट ओलीत दोन वेगळे धातू एकत्र आले की झीज साध्या लोखंडाच्या वाट्याला येते.

बोल्ट दोन बोटांत धरा. आट्यांना थोडे ग्रीस लावा. भोकात टेकवा आणि आधी उलटा फिरवा. हळू. एका क्षणी तो किंचित खाली बसल्याचे बोटाला कळते, ‘टुक’ असे; आट्याचे तोंड आट्याला मिळाले. आता सुलटा फिरवा. पाना नाही, बोटेच. चार-पाच आटे बोटांनी गेले तर बोल्ट योग्य आणि वाटही योग्य. नाही गेले तर काढा आणि बघा. सगळे बोल्ट असे बोटांनी लावून घ्या, सैलच. एकही आधी आवळू नका. एक कोपरा आवळला की समोरचे भोक हमखास सरकलेले सापडते.

आवळताना एक गोष्ट मनात धरा. बोल्ट अडकून बसत नाही, तो ताणला जातो. ८.८ च्या एम ८ बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटर. कंपनीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पान्यावर १७ किलोच्या आसपास जोर. मनगट आणि कोपर. खांदा नको, पाय तर नाहीच. या जोरातला निम्मा डोक्याखाली घासण्यात जातो, आणखी चाळीसेक टक्के आट्यांत. बोल्टाला ताणायला उरतो दहावा हिस्सा. तेवढ्यावर करंगळीहून बारीक असलेला हा बोल्ट दीड टनाच्या वर दाबाने गार्डाला चॅसीशी धरून ठेवतो, आणि त्यासाठी स्वतः लांबतो तो केसाच्या जाडीहूनही कमी. आट्यांना ग्रीस असेल तर घासण्यातले वाचते आणि ताण वाढतो. म्हणून ग्रीस लावून पूर्वीइतकाच जोर देऊ नका, जरा अलीकडे थांबा. आता पाना धरून डोळे मिटले तरी चालतील. फिरणे जड होत जाते, मग एका ठिकाणी बोल्ट, वायसर, पत्रा, चॅसी असे सगळे एकजीव झाल्यासारखे वाटते. तिथून थोडेसेच पुढे.

स्प्रिंग वायसरवर फिटर मंडळींची फार श्रद्धा. गेऱ्हार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवले की बोल्ट ढिले होतात ते मुख्यतः आडव्या हादऱ्यांनी, जोड बाजूला घसरल्यामुळे. आणि त्याला थोपवतो तो पुरेसा ताण. स्प्रिंग वायसरचा त्यात फारसा हात नाही. हे गॅरेजमध्ये सांगून बघा, चहा गार होईपर्यंत वाद चालेल. कंपनीने दिला असेल तर लावा.

प्रत्येक डोक्यावरून पत्र्यावर उतरणारी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. मग गाडी चालवा. आंबा घाट किंवा फोंडा घाट एकदा भरलेल्या गाडीने उतरून या. आठवड्याने पुन्हा खाली जा. रेघ डोक्यावर आणि पत्र्यावर एका ओळीत असेल तर हात लावू नका. तुटली असेल तर तेवढाच बोल्ट बघा.

काढलेले बोल्ट बरणीत घालून ठेवायची आपल्याला सवय असते. हे ठेवू नका. त्यांतले अडीच सुताचे तर आजच भंगारात द्या, नाहीतर एखाद्या संध्याकाळी घाईत कुणीतरी बरणी उपडी करील आणि त्यातलाच एक उचलेल.